गळतीच्या नोंदी

मशीनला काय विचारावं आणि काय विचारू नये, याला काही धरबंध असावा की नाही? पण ईश्वरी लवटेनं मंगळवारी सकाळी, ऑफिसात अजून शिपाईसुद्धा आलेला नसताना, मुकादमाला सरळ विचारून टाकलं, ‘मी सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करावं का?’

मुकादम म्हणजे माणूस नव्हे. कोरेगव्हाण नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात आठ महिन्यांपूर्वी आलेली ती एक शिकणारी यंत्रणा. सरकारी कागदावर तिचं नाव ‘एकात्मिक जलनियोजन प्रणाली’ असं होतं, पण एवढं उच्चारून होईपर्यंत कोरेगव्हाणात नळाचं पाणी येऊन गेलं असतं. म्हणून गावानं तिचं बारसं परस्पर उरकून घेतलं होतं.

मुकादमाचं उत्तर एका श्वासात आलं. ‘शिफारस नाही. या अभ्यासक्रमातली ८२ टक्के कामं मी सध्या करतो. तुमची पदवी पूर्ण होईपर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे जाईल. आणखी काही मदत हवी आहे का?’

“नको रे मेल्या,” ईश्वरी म्हणाली आणि तिनं पडदा बंद केला.

तिला राग आला होता, आणि रागाचं कारण हे की उत्तर खोटं वाटत नव्हतं. ती तीस वर्षांची, पाणीपुरवठ्यात कनिष्ठ अभियंता. पुण्याच्या संस्थेचं पत्र येऊन दहा दिवस झाले होते. प्रवेश मिळाला होता. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत ‘होकार’ कळवायचा, नाहीतर जागा पुढच्याला. दोन वर्षं तिथंच राहायचं, आणि नगरपरिषद एवढी रजा देत नसल्यामुळे नोकरीचा राजीनामा द्यायचा. आणि शिकायचं काय? तर वेगवेगळी यंत्रं, माणसं आणि नियम एकत्र आणून त्यांच्याकडून एक काम नीट करून घ्यायचं शास्त्र. पंप बनवणारा वेगळा, व्हॉल्व्ह बनवणारा वेगळा, वीज देणारा वेगळा आणि घागर भरणारी बाई वेगळी. या सगळ्यांचा संसार एका छपराखाली कसा चालेल ते बघायचं. आता हेच जर मुकादम करत असेल, तर तिनं पुण्यात जाऊन काय करायचं?

साडेसातला मुख्याधिकारी जहागीरदार साहेब आले. उन्हाळ्यात आता सगळी कचेरी सकाळी साडेसहा ते साडेअकरा आणि मग चारनंतर चालायची. मधल्या वेळेत बाहेर पडायला बंदी होती. साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

“लवटे, पेढे आणा. एक तारखेपासून मुकादम आणखी अकरा गावांत जातोय. आपल्यासकट बारा. त्या बाराही गावांचा प्रादेशिक नियंत्रक म्हणून मी तुमचं नाव पाठवलंय.”

“साहेब, माझं पुण्याचं...”

“अहो, कसलं पुण्याचं! घरात गॅस आलाय आणि तुम्ही चूल फुंकायचा कोर्स करायला निघालात. तुम्ही दोन वर्षं घासून जे शिकाल ते हा पठ्ठ्या दोन मिनिटांत करतो. घोड्यावर बसा की सरळ. नाल ठोकायला कशाला शिकताय?”

माणूस वाईट नव्हता. ईश्वरीचं भलं व्हावं असंच त्यांना मनापासून वाटत होतं, आणि म्हणून तर त्यांना नाही म्हणणं अवघड होतं.

घरी नवऱ्यानं, ओंकारनं, सगळं ऐकून घेतलं. त्याचं बॅटरीवरच्या रिक्षा दुरुस्त करायचं गॅरेज होतं आणि तो बोलायचाही तसाच, नट पिळून. “तू गेलीस तर मला भाकरी थापायला शिकावं लागंल. न्हाई गेलीस तर जन्मभर तुझी कुरकूर ऐकावी लागंल. भाकरी सोपी आहे बघ.”

पण तिच्या वडिलांचं गणित निराळं होतं. भानुदास लवटे, गावाचे भानूआण्णा, चौतीस वर्षं कोरेगव्हाणच्या वरच्या पेठेचे चावीवाले होते. चावीवाला म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून हिंडायचं, रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि गल्लीगल्लीला तिच्या पाळीनं पाणी सोडायचं. आता व्हॉल्व्हना मोटारी बसल्या होत्या आणि आण्णा टाकीमागच्या दोन खोल्यांत निवृत्त होऊन बसले होते.

“बारा गावच्या चाव्या!” आण्णांचे डोळे चकाकले. “माझ्या हातात नऊ गल्ल्या हुत्या, तर मी मिशीला पीळ देऊन हिंडायचो. तुझ्या हातात बारा गावं येत्यात, आन् तू पाटी-दप्तर घेऊन शाळंत निघालीस? शिकलीस तेवढं बास झालं की गं.”

बापाच्या त्या आनंदावर पाणी ओतायचं तिच्या जिवावर आलं, आणि ती तशीच घरी परतली.

बुधवारी पहाटे फुलारी गल्लीतल्या सरूआजी वारल्या. नव्वदीच्या होत्या, भरल्या घरात गेल्या. नऊच्या सुमाराला माणसं स्मशानातून परतली. आता रिवाज असा, की स्मशानातून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडत नाही. ओढा तर चार वर्षं कोरडा. तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक दारात बादल्या मांडलेल्या, बायकांनी घर धुवायला घेतलेलं, दीडशे माणसं अंगावरच्या कपड्यानिशी रस्त्यात उभी. सगळे नळ एकदम सोडले गेले. चार मिनिटं पाणी आलं आणि खळ्ळकन बंद झालं.

आजींचा थोरला मुलगा महादेव फुलारी फोनवर अक्षरशः ओरडत होता. “ईश्वरीताई, आई गेली हो माझी! आन् तुमी पाणी तोडता? आजच? कुणाचं काय घोडं मारलंय आमी?”

ईश्वरीनं धावत पडदा उघडला. फुलारी गल्लीच्या व्हॉल्व्हवर लाल खूण होती. आठ महिने मुकादम फक्त सल्ला देत होता. या सोमवारपासून व्हॉल्व्ह उघडायचा-मिटायचा अधिकार त्याच्या हातात दिला होता. तिनं हुकूम दिला, ‘व्हॉल्व्ह उघड.’

‘गळतीची शक्यता ९७ टक्के. दोन अधिकाऱ्यांनी जागेवर पाहणी केल्याशिवाय उघडता येणार नाही.’

‘गळती नाही. मयत झाली आहे.’

‘मयत आणि पाणीपुरवठा यांचा संबंध माझ्या माहितीत नाही.’

तिनं जहागीरदार साहेबांना गाडीत घातलं आणि पाहणी करायला नेलं. जाऊन, बघून, दोघांचे अंगठे उमटवून व्हॉल्व्ह उघडेपर्यंत पाऊण तास गेला. चाळीस अंशांच्या उन्हात दीडशे माणसं विटाळल्यासारखी रस्त्यात उभी होती. एक म्हातारा चक्कर येऊन पडला. लहान पोरांना घरात घ्यावं की नाही यावरून दोन जावांमध्ये जुंपली. महादेवनं ईश्वरीला बघून मान फिरवली. साहेबांनी अंगठासुद्धा गाडीत बसूनच उमटवला. ईश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारभर ती धुमसत होती. चार वाजता ऑफिस उघडल्या उघडल्या तिनं मुकादमाला धारेवर धरलं. ९७ टक्के? हे कुठून आणलंस?

इथं मुकादमाचं डोकं कसं चालतं ते थोडक्यात सांगायला हवं. गावातल्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी एक छोटं यंत्र बसवलेलं होतं. ते पाण्याचा दाब मोजायचं, वेग मोजायचं आणि पाइपाला कान लावून त्याचा आवाज ऐकायचं. पण नुसत्या आकड्यांना अर्थ नसतो. दाब घसरला म्हणजे पाइप फुटला, की कुणी बागेला पाणी घातलं, हे ठरवायला अनुभव लागतो. मुकादमाला स्वतःचा अनुभव नव्हता, म्हणून त्याला गावाचा दिला. पाणीपुरवठ्याची चौतीस वर्षांची रजिस्टरं पानन् पान त्याला वाचायला दिली. कुठल्या दिवशी, कुठल्या गल्लीत, किती वाजता गळती झाली आणि ती कशी थांबली, सगळं. त्यावरून त्यानं ताडलं, की कोरेगव्हाणात दोन तऱ्हेच्या गळत्या होतात. एक साधी: पाइप फुटतो, पाणी वाहतं, दुरुस्त करेपर्यंत वाहतच राहतं. दुसरी फार चमत्कारिक: एकाच गल्लीत एकदम पाणी ओढलं जातं, दोन-तीन तास चालतं, मग व्हॉल्व्ह बंद केला की आपोआप थांबतं. त्यात ना पाइप बदललेला असतो, ना पोतंभर सिमेंट खर्ची पडलेलं असतं. असे चारशे सहा प्रसंग. मुकादमानं सरळ हिशेब मांडला: व्हॉल्व्ह बंद करून गळती थांबते, तर तो जितक्या लवकर बंद होईल तितकं बरं.

“चारशे सहा गळत्या, आणि एकदाही सिमेंट नाही?” ईश्वरी स्वतःशी म्हणाली. तिनं जुनी पानं पडद्यावर मागवली. अक्षर गोल, ठसठशीत, शिरोरेघ थोडी उजवीकडे चढलेली. आण्णांच्या हातचं ते अक्षर तिनं लहानपणी पाटीवर गिरवलेलं होतं.

पुढचं काम तिनं मुकादमाला सांगितलं नाही. नगरपरिषदेचं मृत्यू नोंदणीचं रजिस्टर तिनं स्वतः मागवून घेतलं आणि गुरुवारची सगळी सकाळ तारखांना तारखा लावत बसली. अकरा मे, माळी गल्ली, गळती. अकरा मे, माळी गल्ली, मयत. तीन ऑक्टोबर, कुंभारवाडा, गळती. तीन ऑक्टोबर, कुंभारवाडा, मयत. शंभर जुळल्या, तरी ती थांबली नाही. चारशे सहापैकी तीनशे एकोणनव्वद जुळल्या.

संध्याकाळी ती टाकीमागच्या खोल्यांकडे गेली, तेव्हा आण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. तिनं कागद त्यांच्यापुढं ठेवला.

“आण्णा, हे काय आहे?”

आण्णांनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि शेंगेची टरफलं उगाच गोळा करायला लागले. “गळती हाय की. लिवलंय न्हवं?”

“आण्णा.”

“अगं, मग काय करणार!” आण्णा एकदम उसळले. “त्या वक्ताला पाणी येक दिसाआड. पाळी न्हाय त्या दिशी कुणाच्या घरात मानूस गेलं तर? त्येनं काय पंचांग बघून मरायचं? आन् पाळी सोडून पाणी दिलं तर निलंबन, असा नियम. म्हनून चावी घालायची, तीन तास पाणी सोडायचं आन् रजिस्टरला ‘गळती’ लिवून मोकळं व्हायचं. गळतीला कोन जाब इचारतंय? माझ्या आधीच्यानंबी तेच केलं, त्येच्या आधीच्यानंबी.”

“आणि ह्या सतरा जुळत नाहीत त्या?”

“बाळंतपणं आसतील. दोन आगी लागलेल्या. एक...” आण्णा घुटमळले, “येक त्या आमदाराच्या मेव्हण्याच्या लग्नाची. त्येची मातुर लाज वाटती.”

ईश्वरीला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. तिनं मग त्यांना हळूहळू समजावून सांगितलं, की मुकादम काय वाचून शिकला, आणि काल फुलारी गल्लीत पाणी का तुटलं. आण्णा ऐकत होते. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“म्हंजे,” ते म्हणाले, “मयताच्या घरचं पाणी तोडायला ते माझ्या अक्षरावरनं शिकलं व्हय?”

ईश्वरीनं होकाराची मान हलवली. तो सहा फुटी माणूस उपरण्यात तोंड घालून रडला. सरूआजींनी त्याला कितीदा तरी ताक पाजलं होतं.

शुक्रवारी सकाळी जहागीरदार साहेबांनी हे ऐकून टेबलावर थाप मारली. “एवढंच ना! मग त्या चारशे सहा नोंदी काढून टाका. मुकादम चाळीस मिनिटांत नव्यानं शिकेल. विषय संपला.”

साहेबांचं चुकत नव्हतं. ईश्वरीनं नोंदी काढल्या. वर मुकादमाला फर्मानही सोडलं, की मयत झालेल्या गल्लीला तीन तास भरपूर पाणी मिळेल आणि खालच्या पेठेत कुणाचा थेंबही कमी होणार नाही, अशी योजना दे. दोन मिनिटांत योजना तयार. ती त्यानं संगणकातल्या खोट्या कोरेगव्हाणात, म्हणजे खऱ्या गावाच्या हुबेहूब नकलेत, हजार वेळा चालवून दाखवली. हजारही वेळा ठीक. ईश्वरीला मनातून खट्टू वाटलं. इतकं देखणं काम तिला सात जन्मात जमलं नसतं. गॅस आणि चूल, साहेब म्हणाले ते खरंच होतं की काय?

तरी जाता जाता तिनं ती योजना आण्णांना दाखवली. आण्णांनी नकाशा उलटा-सुलटा केला आणि एका जागी बोट ठेवलं. “हे जादा पाणी कुठनं काढलंय?”

“शनिवार बाजाराच्या लाइनीतून. तिथल्या मोठ्या नळाचा वापर वीस वर्षांत शून्य आहे.”

“शून्य?” आण्णा ताडकन उठले. “अगं बये, तितं अग्निशामकचा टँकर भरत्यात! त्येंचं रजिस्टर येगळं. आमच्यात त्येची नोंदच करत न्हाईत. बाजारात आग लागली आन् नेमकी त्याच वक्ताला कुठं मयत झाली, तर टँकर कोरडा जाईल की!”

ईश्वरीनं नकाशा पुढ्यात ओढला. हजार वेळा तपासलेली योजना आण्णांनी एका बोटानं मोडली होती. ते मुकादमापेक्षा हुशार होते म्हणून नव्हे. त्यांना ते माहीत होतं, आणि मुकादमाला माहीत नव्हतं, एवढंच. तिनं तिथूनच फोनवर मुकादमाला विचारलं, ‘या गावाबद्दल रजिस्टरात न लिहिलेलं आणखी काय काय आहे?’

‘माहिती उपलब्ध नाही.’

‘ती नाही, हे तुला आधी कसं कळलं असतं?’

‘माहिती उपलब्ध नाही.’

तिच्या मनातला गुंता तिथं सुटला. मुकादम ८२ टक्के कामं करत होता हे खरं, उद्या ९० करेल हेही खरं. पण ती सगळी कामं कुणीतरी गरज सांगितल्यानंतरची होती. गरज कुणाची, ती कुणाला विचारायची, कोण काय लपवतं आणि का लपवतं, ते खणून कसं काढायचं आणि खणलेलं पुरेसं आहे हे सिद्ध कसं करायचं, हे उरलेलं काम होतं. कोरेगव्हाणात ते आण्णांनी केलं, कारण त्यांनी चौतीस वर्षं सायकल मारली होती. बाकीच्या अकरा गावांत ती चौतीस-चौतीस वर्षं कुठून आणणार होती? अनुभव नसताना अनुभवाचं काम करायचं तर रीत लागते, शास्त्र लागतं. पुण्याच्या अभ्यासक्रमात पहिल्या सहामाहीचे तीन विषय नेमके तेच होते, आणि दुसरं वर्ष अख्खं गावांत हिंडायचं होतं. हे आपल्याला येत नाही, ही गोष्ट तिला पहिल्यांदाच इतकी स्वच्छ दिसली, आणि गंमत म्हणजे त्यामुळे तिला धीर आला.

“आण्णा, मी बारा गावच्या चाव्या घेणार नाही,” ती म्हणाली. “मी पुण्याला जाणार.”

आण्णांनी नकाशाची घडी घातली. त्यांच्या तोंडावर मंगळवारची ती चकाकी नव्हती. “आन् तवर ही अकरा गावं?”

“एक तारखेला मुकादम तिथली रजिस्टरं वाचून थेट व्हॉल्व्ह हातात घेणार. ते थांबवायचं तर मला कारण लेखी द्यावं लागेल. आणि लेखी दिलं, की रजिस्टरात खोटं कुणी लिहिलं ते...”

“हां,” आण्णा म्हणाले आणि त्यांनी शेंगांचं सूप आत नेऊन ठेवलं.

शनिवारी साडेसहाला ईश्वरी ऑफिसात पोहोचली, तर आण्णा तिच्या आधीच साहेबांच्या दालनाबाहेर उभे. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं उपरणं. तिनं हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला.

“साहेब, लिहून घ्या,” आत जाऊन ते उभ्यानंच म्हणाले. “मी, भानुदास यशवंत लवटे, चारशे सहा येळा रजिस्टरला खोटं लिवलं. मयताच्या घरी पाणी दिलं. त्येची लाज न्हाय. खोटं लिवलं त्येची आता वाटतीया, कारण त्ये कुनीतरी खरं मानलं.”

“आण्णा, चौकशी लागेल,” साहेब दबक्या आवाजात म्हणाले. “या वयात कशाला?”

“लागू द्या. मी जितं पाणी सोडलं तितली मानसं साक्षीला येतील.”

साहेबांनी लिहून घेतलं. त्यांचा आवाज बदलला होता. कोरेगव्हाणात व्हॉल्व्हचा अधिकार मुकादमाकडून काढून घ्यायचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथं सही करून दिला. पण अकरा गावांचं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. “वरचे विचारतील, एका गावातल्या एका चावीवाल्यानं खोटं लिहिलं, त्याचा इतरांशी काय संबंध? मला पुरावा द्या, मी आजच पाठवतो. आणि लवटे, तुमचं काय? नाव काढू का मागे?”

“काढा साहेब.”

“पक्कं?”

“पक्कं. राजीनामा सोमवारी देते.”

“हट्टी आहात,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

पुराव्याचं आण्णांनी मनावर घेतलं. त्या भागातल्या निवृत्त चावीवाल्यांचा फोनवर एक गट होता, ‘पाणीपुरवठा मित्रमंडळ’. एरवी त्यात सकाळी फुलांची चित्रं आणि संध्याकाळी गुडघेदुखीवरचे काढे यापलीकडे काही येत नसे. आण्णांनी त्यात स्वतःच्या आवाजात निरोप टाकला: चहा माझ्याकडं, आज चार वाजता नगरपरिषदेत या, जिवाचं काम हाय. अकरापैकी सात गावचे आले. कुणी एस.टी.नं, कुणी नातवाच्या गाडीमागं बसून. एकाला ओंकारनं गॅरेजातल्या रिक्षातून आणलं.

सभागृहात सात म्हातारे भिंतीला टेकून बसले. ईश्वरीनं त्यांना मुकादमाचं सगळं सांगितलं आणि विचारलं, “तुमच्या रजिस्टरात असं काही आहे का?”

एकजण छताकडे बघायला लागला. एकानं चहा फुंकला. “आमच्यात समदं नियमानं,” सोनारीचे बापू म्हणाले, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. जन्मभर जे झाकलं ते एका चहावर कोण उघडं करणार? घड्याळात सव्वाचार झाले होते. ईश्वरीनं तीनदा विचारून बघितलं, तिन्ही वेळा तीच मान हलली. तिचा धीर सुटत चालला.

तेव्हा आण्णा उठले. “बापू, मी सकाळी साहेबाम्होरं सही करून आलो. चारशे सहा. माझी चौकशी लागायची ती लागंल. पर बुधवारी सरू फुलारी गेली आन् तिच्या दारात मानसं पाऊण तास तिष्टली, ती माझ्यापायी. तुमच्या गावात हे एक तारखेपास्नं व्हणार. पयली मयत कुनाची आसंल, ठावं हाय का? आपल्या वयाची मानसं हायती ती.”

मग बापूंनी कप खाली ठेवला.

“आमी ‘गळती’ न्हाय लिवत,” ते खाकरून म्हणाले. “आमी ‘व्हॉल्व्ह अडकला’ लिवतो.”

“आमच्यात ‘मीटर बंद’,” दुसरा म्हणाला.

“मी लिवतच न्हाय,” तिसरा म्हणाला, आणि म्हातारे फसकन हसले. मग जो तो बोलायला लागला. एकाच्या गावात उरसाला तीन दिवस पाणी वळवत होते, एकाच्यात ऊसतोड टोळ्या परतल्या की पालांवर. एकानं बावीस वर्षं एका महारोग्यांच्या वस्तीला पाणी दिलं होतं, जी वस्ती कुठल्याच नकाशावर नव्हती. ईश्वरीचा हात लिहून लिहून भरून आला. सात गावं, आणि सातही गावांत खोटं लिहायची तऱ्हा निराळी. साहेबांना वर पाठवायला हवा होता तो पुरावा हाच. पुण्याला जाऊन काय करायचं, हे आता तिला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

पाचला बारा मिनिटं कमी असताना ओंकारनं दारातून मनगटावर बोट आपटून दाखवलं. ईश्वरीनं फोन उघडला, संस्थेच्या पत्रावर ‘होकार’ दाबला, अंगठा टेकवला. पावती आली. एवढंच.

“झालं का गं?” आण्णांनी विचारलं.

“झालं.”

“दोन वर्सं?”

“दोन वर्षं, आण्णा.”

आण्णांनी भिंतीला टेकलेल्या त्या सात जणांकडे एकवार बघितलं. सगळ्यांत लहान होता तो एकोणसत्तरचा.

“मग बस खाली,” ते म्हणाले, “आन् आजच समदं लिवून घे. तू शिकून येस्तवर ही मानसं थांबायची न्हाईत.”

ईश्वरी खाली बसली. “हं बापू,” ती म्हणाली, “व्हॉल्व्ह अडकला. पहिल्यांदा कधी अडकला?”